वेताच्या खुर्च्या किलोवर विकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चअखेरीस नाशिकमधील एका जुन्या संस्थेने निर्लेखित केलेल्या, म्हणजे निरुपयोगी ठरवून नोंदीतून काढलेल्या सामानात पोलादी नळीच्या, वेताची जाळी विणलेल्या बावीस खुर्च्या भंगारात दिल्या. त्या वेळी मी आवारातच होतो. वजन फक्त लोखंडाचे धरायचे म्हणून भंगारवाल्याकडचा मुलगा एकेका बैठकीची जाळी सुरीने चौफेर कापून बाजूला टाकत होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक जाळ्या धडधाकट होत्या. ज्या खुर्च्यांवर बसून शहरातल्या दोन पिढ्यांनी वाचन केले, त्यांची अशी वासलात लागताना पाहून फार वाईट वाटले.

या खुर्च्यांना जुनाट ठरवण्यापूर्वी त्यांचे कूळ पाहावे. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवणाऱ्या मार्सेल ब्रॉयर यांना सायकलच्या वाकवलेल्या हँडलवरून पोलादी नळीचे फर्निचर सुचले, असे सांगितले जाते. ते साल होते १९२५. पुढे १९२८ मध्ये त्यांनी मागचे पाय नसलेली, बसल्यावर किंचित लवणारी खुर्ची तयार केली आणि तिच्या बैठकीला व पाठीला लाकडी चौकटीत विणलेला वेत बसवला. कारखान्यात वाकवलेले पोलाद आणि हाताने विणलेला वेत यांची ती जोडी जगभर गेली, आणि स्वातंत्र्यानंतर तशा घडणीच्या खुर्च्या आपल्या कचेऱ्यांत, वाचनालयांत, दवाखान्यांच्या व्हरांड्यांतही आल्या. आपल्या हवेला त्या मानवल्या, कारण नाशिकच्या एप्रिलमध्ये रेक्झिनच्या खुर्चीत सदरा पाठीला चिकटतो, तर जाळीतून वारा खेळता राहतो.

‘जाळी फाटली की खुर्ची संपली’ हा समज मात्र साफ चुकीचा आहे. चौकटीच्या कडेने भोके असतील, तर ती हातविणीची खुर्ची असते आणि तिची जाळी पुन्हा विणता येते: दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरपे. कडेने खाच असेल, तर तयार विणलेला वेत कापून खाचेत ठोकून बसवतात. नुसती सैल पडलेली जाळी तर घरीही सुधारते. वेताची वरची चकचकीत साल पाणी शोषत नाही, म्हणून खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने कोमट पाण्याचे फडके फिरवावे आणि रात्रभर सुकू द्यावी. बहुतेक वेळा जाळी पुन्हा ताणली जाते. नळी गंजते ती प्रामुख्याने पायांपाशी, कारण रबरी बूच झिजले की फरशी पुसतानाचे पाणी आत शिरते. बूच काही रुपयांत मिळते, पण ते वेळेवर बदलायचे कोणी, हे संस्थेत कोणाकडेच नेमून दिलेले नसते.

चंडीगडचे उदाहरण आपल्यासमोर आहे. वास्तुरचनाकार पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली तेथील सरकारी इमारतींसाठी तयार झालेल्या सागवानी, वेताच्या खुर्च्या लिलावांत कवडीमोलाने गेल्या आणि नंतर युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये त्यांच्या विक्रीला आवर घातला, पण तोवर पुष्कळ ऐवज हातचा गेला होता. आपल्याकडच्या खुर्च्यांना तेवढे मोल येईल असा माझा दावा नाही. पण डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, ‘मोडकी खुर्ची, नग २२’ एवढीच नोंद करून त्या निकाली काढू नयेत, एवढे तरी व्हावे.

नाशिकमधील शाळा, वाचनालये, विश्वस्त संस्था आणि सरकारी कार्यालये यांना माझी विनंती आहे की, निर्लेखनाच्या यादीवर सही होण्यापूर्वी वेताच्या खुर्च्या वेगळ्या काढाव्यात आणि वेत विणणाऱ्या कारागिराला एकदा दाखवाव्यात. हे काम आपल्या देशात अनेक अंध कारागीर वर्षानुवर्षे करत आले आहेत. बोटांनी पदर मोजत ते इतकी सारखी वीण घालतात की पाहत राहावे. दुरुस्तीचे काम त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर खुर्च्यांबरोबर हे कसबही टिकेल. आणि ज्या संस्थेला खुर्च्या खरोखरच नको असतील, तिने त्या जाळी न कापता, नगावर, आधी सूचना फलकावर लावून विकाव्यात.

त्या दिवशी वजनाचे पैसे मोजून मी दोन सांगाडे सोडवून आणले. एकाची बैठक विणून झाली आहे आणि दुसऱ्याचे तिरपे पदर या आठवड्यात घातले जात आहेत. कोणत्याही संस्थेला ते काम पाहायचे असेल, तर दोन्ही खुर्च्या घेऊन मी स्वतः तेथे यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल,
पंचवटी, नाशिक