बाजारभावाचा फोटो नको, आकडा द्या

महोदय,

अहमदपूरच्या बसस्थानकाजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सोयाबीनच्या हंगामात सकाळी शटर वर केलं की पहिला माणूस दुरुस्तीला आलेला नसतो. 'लातूरचा भाव काय निघाला, बघ बरं,' म्हणत तो फोन पुढं करतो.

गेल्या हंगामात जवळच्या गावातल्या एका काकांनी भाव पाहून पिकअप ठरवला, चौदा कट्टे भरले आणि लातूर गाठलं. तिथं भाव क्विंटलमागं दोनशेनं उतरलेला. परतल्यावर त्यांनी मला ते पान दाखवलं. बाजार समितीच्या संकेतस्थळावर भाव टाइप केलेलाच नव्हता, कागदाचा फोटो चढवला होता. तारीख नेमकी कागदाच्या घडीत. बोटांनी मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं, कागद चार दिवसांपूर्वीचा. "मला वाटलं आजचाच हाय," एवढंच काका म्हणाले.

फोटोऐवजी आकडा का हवा, ते सांगतो. २००६ मध्ये ऑपेरा मिनी हा मोबाइलवर संकेतस्थळं उघडायचा ब्राउझर जगभर खुला झाला आणि बटणांच्या फोनवरही नेहमीची संकेतस्थळं उघडू लागली. त्यात पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मोठ्या संगणकावर उघडतं, तिथं आवळलं जातं आणि हलकं होऊन फोनवर येतं. (सर्व्हर मधल्यामध्ये बसून पान वाचतो, म्हणून बँकेचं काम या वाटेनं करू नका, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. बाजारभावात लपवण्यासारखं काही नाही.) हाच सर्व्हर पान आवळण्याआधी त्यातली माहिती वेगळी काढू शकतो: शेतमाल कोणता, तारीख कोणती, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर किती, आवक किती. मग फोनवर चार ओळी पाठवल्या तरी भागतं, रेंज एक कांडी असली तरी त्या येतात.

पण नुसतं '४६००' पाहून तो दर की आवक, हे सर्व्हरला कळत नाही. पान बनवणाऱ्यानं आकड्याला नाव लावावं लागतं. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक नावांची यादी काढली ती यासाठीच. नावांच्या या खुणा पडद्यावर दिसत नाहीत, पानाच्या आत असतात. म्हणून सर्व्हरनं आधी त्या वाचाव्यात, मग पान छाटावं. उलट केलं तर त्या छाटणीत जातात. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर संगणकाला मराठी म्हणूनच कळतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं भरलेली असतात. त्यातून सर्व्हरला 'सोयाबीन' सापडणार कसं?

बाजार समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे, येत्या हंगामाआधी फोटो बंद करा आणि प्रत्येक दराशेजारी तारीख लिहा. जिल्ह्यातल्या कोणत्याही समितीला हे पान बनवून हवं असेल, तर दुकान बंद झाल्यावर रात्री आठनंतर बसून मी ते विनामूल्य करून देईन.

— एक मोबाइल दुरुस्ती दुकानदार, अहमदपूर, जि. लातूर