गुंठा हजार फुटांचा कधीपासून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत जॉर्ज विंगेटवर अर्धे पान दिलेत, आनंद वाटला. इंग्रजांच्या पलटणीच्या इंजिनिअराने आपला शेतसारा कसा बसवला, हे एरवी कोण छापतो? पण त्याची जमिनीची आणेवारी, म्हणजे मातीच्या कसाला आण्यांत दिलेला दर्जा, हीच आजची पैसेवारी, असे लेखकाने बिनधास्त ठोकून दिले आहे. पैसेवारी यंदाच्या पिकाची असते. पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची बोलणी सुरू होतात. विंगेटचे आणे मातीचे. पीक बुडाले म्हणून ते उतरत नसत आणि त्यांवरचा दर तीस वर्षे कायम.

विंगेटची रीत अशी: शेताचे सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली हातांत मोजायची. उत्तम काळी पावणेदोन हात भरली की सोळा आणे, दीड हाताला चौदा, सव्वाला बारा, हातभर असेल तर दहा. चुनखड, वाळू, उतार, साचणारे पाणी, दर दोषाला एक वर्ग खाली. सोळा आण्यांच्या भागात दोन दोष निघाले की बारा. शेवटी सगळ्या भागांचे आणे मिळवून सरासरी काढायची. घोळ व्हायचा तो दोष टिपताना. उतार कितपत झाला म्हणजे दोष धरायचा, हे कारकुनाच्या नजरेवर. म्हणून तर वरचा साहेब काही शेते पुन्हा तपासायचा. या मोजणीच्या अधिकाऱ्यांनी मिळून लिहिलेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालात सगळे छापील आहे. उघडून बघायला काय हरकत होती?

आणि गुंठा म्हणे हजार चौरस फूट! मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. तुमच्या हिशेबाने एकरामागे ३५६० चौरस फूट, म्हणजे सव्वातीन गुंठे गायब. बांध कोरणारासुद्धा एका दमात एवढे नेत नाही.

विंगेटचा जोडीदार अधिकारी गोल्डस्मिड, त्याचे तर अख्ख्या लेखात नाव नाही. त्यांच्या आधी प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के धरून लावलेला सारा रयतेला झेपेना, म्हणून १८३५ साली इंदापुरात काम सुरू झाले ते गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांचे. विंगेट तेव्हा लेफ्टनंट होता, लेखात म्हटल्याप्रमाणे कॅप्टन नव्हे.

जाता जाता, नकाशा दोन पानांच्या मधोमध छापू नका. इंदापूर नेमके घडीत गेले आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार