इन्सुलिनची ४० आणि १०० ची गफलत

संपादक महोदय,

मधुमेहाच्या रुग्णाला ‘इन्सुलिन कोणते घेता?’ असे विचारले, तर बहुधा सकाळी किती युनिट आणि रात्री किती, एवढेच उत्तर मिळते. नाव आणि प्रकार घरात कोणालाच ठाऊक नसतो. औषधविक्रीच्या व्यवसायात आयुष्य गेल्यामुळे हे अज्ञान किती महागात पडू शकते, याची मला कल्पना आहे.

जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे रेग्युलर इन्सुलिन आणि दिवसभर संथपणे काम करणारे ग्लार्जिन ही दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात; त्यामुळे ‘स्वच्छ ते झटपट, गढूळ ते सावकाश’ हा जुना ठोकताळा आता भरवशाचा राहिलेला नाही. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण घेतात ते ३०/७० मिश्रण गढूळ असते, कारण त्यात ७० टक्के एनपीएच, म्हणजे सावकाश काम करणारे गढूळ इन्सुलिन असते, आणि टोचण्यापूर्वी ते तळहातांत हलकेच फिरवून एकसारखे करावे लागते. लिस्प्रो किंवा अस्पार्ट ही झटपट काम करणारी इन्सुलिने मात्र पाटावर बसण्याच्या बेतानेच घ्यायची. ती टोचून जेवण लांबवले, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते.

याहून गंभीर प्रश्न तीव्रतेचा आहे. आपल्या बाजारात बाटलीतील इन्सुलिन बहुतांशी प्रति मिलिलिटर ४० युनिटचे, तर पेनमधील (टोचण्याच्या पेनसारख्या साधनातील) १०० युनिटचे असते. युनिट दोन्हीकडे तेच, त्यामुळे पेनवरून बाटलीकडे वळलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी सांगितलेला आकडा बदलावा लागत नाही. बदलते ती सिरिंज. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी असते. पेन बिघडले म्हणून कोणी त्याच्या कार्ट्रिजमधून (आतल्या औषधाच्या नळीतून) लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट चूक झाली, म्हणजे ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने औषध ओढले, तर २० ऐवजी ८ च युनिट मिळतात आणि साखर का उतरत नाही, याचा उलगडा होत नाही. आकडे तेच दिसत असल्याने रुग्णाला संशय येण्याचे कारणच नसते, आणि माझ्या मते खरा दोष रुग्णाचा नसून या दुहेरी व्यवस्थेचा आहे.

ब्रिटनने १९८३ मध्येच १०० ची एकच तीव्रता स्वीकारली. आपल्याकडेही केंद्र सरकारने तसा निर्णय घ्यावा, परंतु तो पुरेशी मुदत देऊन आणि योग्य सिरिंज खेड्यातील दुकानांपर्यंत आधी पोहोचवून, नाहीतर बदलाच्या काळातच गोंधळ वाढेल. दरम्यान डॉक्टरांनी चिठ्ठीवर इन्सुलिनचे पूर्ण नाव, तीव्रता आणि सिरिंजचा प्रकार सुवाच्य अक्षरांत लिहावा, उत्पादकांनी वेष्टनावर ४० किंवा १०० हा आकडा मराठीतही ठळक छापावा आणि विक्रेत्यांनी बाटली देताना सिरिंज तिच्याशी जुळते का, हे पाहूनच ती हातात द्यावी.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली