पेटीवरची अक्षरं वाचा, मग कार्ड टाका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आता तुम्ही दोघं निवांत फिरणार आहात, तर वाटेत दिसणाऱ्या टपालपेट्या आणि पोस्ट ऑफिसं नुसती फोटोपुरती बघू नका. पेटीवर काय कोरलंय ते वाचा, ती चालू आहे का ते तपासा आणि चालू असेल तर तिच्यात एक कार्ड टाकाच. पत्रं येईनाशी झाली की पेट्या जातात. डेन्मार्कमध्ये 2025 साली पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीनं रस्त्यांवरच्या सुमारे 1500 लाल पेट्या काढायला घेतल्या आणि वर्षअखेरीस पत्रवाटपच थांबवलं. त्यामुळे जे आज उभं आहे ते आजच बघून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

वाचायला सगळ्यात जास्त मजकूर मिळतो तो ब्रिटनमधल्या खांबासारख्या ओतीव लोखंडी पेट्यांवर. दारावर राजा किंवा राणीची आद्याक्षरं असतात, त्यातला ‘आर’ म्हणजे लॅटिनमधला राजा किंवा राणी. व्हिक्टोरियाची ‘व्ही आर’, पाचव्या जॉर्जची नुसती ‘जी आर’, दुसऱ्या एलिझाबेथची ‘ई आर’ आणि मध्ये रोमन दोन. पेटी कोणाच्या कारकिर्दीत बसवली ते यावरून लगेच कळतं. आठवा एडवर्ड 1936 मध्ये वर्षभरही गादीवर नव्हता. त्याच्या आद्याक्षरांच्या पेट्या फारच थोड्या निघाल्या, म्हणून ती दिसली तर थांबाच. तिसऱ्या चार्ल्सची पहिली पेटी 2024 मध्ये केंब्रिजशरमधल्या ग्रेट केंबोर्नला बसली. काही जुन्या पेट्यांवर आद्याक्षरंच नसतात. त्या 1879 ते 1887 या काळातल्या, ओतणाऱ्या कारखान्यानं अक्षरं घातलीच नाहीत. स्कॉटलंडमध्ये मात्र एलिझाबेथच्या काळातल्या पेट्यांवर फक्त मुकुट दिसतो. पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी नव्हतीच, मग ही ‘दुसरी’ कशी, यावरून तिथे इतका संताप झाला की एडिनबरातली रोमन दोन असलेली एक पेटी 1953 मध्ये स्फोटानं उडवली गेली.

बाबा, तुम्हाला षटकोनी पेनफोल्ड पेटी आवडेल. ही 1866 ते 1879 या काळातली. तिच्या नव्या प्रतिकृतीही बऱ्याच ठिकाणी बसवल्यात आणि त्यांच्यावरही ‘व्ही आर’ असतं, त्यामुळे खरी कोणती ते आद्याक्षरांवरून ठरत नाही. त्यासाठी तळाशी, जमिनीजवळ कोरलेलं कारखान्याचं नाव बघावं लागतं. अस्सल पेट्या इंग्लंडमधल्या डडली गावच्या कॉक्रेन कारखान्यातल्या. गुडघे वाकवू नका. फोन उलटा धरून खाली न्या, फोटो काढा आणि मोठा करून वाचा. रंगाचे थर साचून अक्षरं बुजलेली असली तर समोरून काही दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की तीच अक्षरं उठून दिसतात.

रंगावर फार विसंबू नका. ब्रिटनच्या पेट्याही 1859 पासून हिरव्या होत्या. त्या चटकन दिसत नाहीत अशी ओरड झाली, म्हणून 1874 पासून लाल रंग आला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर तिथे त्याच पेट्या पुन्हा हिरव्या झाल्या, पण व्हिक्टोरियाची अक्षरं तशीच राहिली. हाँगकाँगमध्ये 1997 नंतर हेच घडलं.

आता कार्ड टाकण्याबद्दल. आधी टपाल काढण्याच्या वेळेची पाटी शोधा. पाटी नसेल किंवा फट पत्र्यानं बंद केलेली असेल, तर ती पेटी शोभेपुरती उरली आहे. इटली, जपान, नेदरलँड्स इथे बऱ्याच पेट्यांना दोन फटी असतात, सहसा एक स्थानिक किंवा साध्या पत्रांसाठी आणि दुसरी बाकी सगळ्यासाठी. परदेशी कार्ड ‘बाकी सगळ्या’त टाकायचं. चुकलं तरी ते हरवत नाही, फक्त उशीर होतो.

तिकिटाची चूक मात्र महागात पडते. व्हॅटिकनचं तिकीट व्हॅटिकनच्याच पेटीत चालतं. ते लावलेलं कार्ड तिथून बाहेर पडून रोमच्या रस्त्यावरच्या पेटीत टाकलंत तर इटलीचं पोस्ट ते ग्राह्य धरत नाही. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचंही तसंच. तिथे युनियन स्ट्रीटवर 1853 ची पेटी अजून वापरात आहे, पण 1969 पासून बेटाचं पोस्ट वेगळं आहे, म्हणून ब्रिटनचं तिकीट तिथे उपयोगाचं नाही. शिवाय पर्यटकांच्या दुकानात कधी कधी खाजगी कंपन्यांची तिकिटं गळ्यात मारतात आणि ती फक्त त्यांच्याच पेट्यांत चालतात. तिकीट पोस्टाच्या खिडकीवरच घ्या, आणि तेही कार्ड लिहायच्या आधी. कमी किमतीची चार तिकिटं हातात आली तर ती चिकटवायला जागा उरायला हवी.

आई, तुला शिक्के जमवायचे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेव. सुंदर पेटीत टाकलेल्या कार्डावर त्या गावाचा शिक्का येईलच असं नाही. पुष्कळ देशांत पेटीतलं टपाल लांबच्या वर्गीकरण केंद्रात जातं आणि तिथल्या यंत्राची छाप त्यावर बसते. म्हणून पोस्ट ऑफिसात जाऊन ‘हातानं शिक्का मारा’ अशी विनंती कर. गुळगुळीत कार्डावर शाई फिसकटते, तेव्हा लिहायची बाजू खरखरीत असलेलं कार्ड घे आणि शिक्का वाळेपर्यंत दुसऱ्या कार्डावर ठेवू नकोस. पत्ता बॉलपेननंच लिही. शेवटच्या ओळीत देशाचं नाव मोठ्या रोमन अक्षरांत असू दे.

काही ठिकाणांचे नियमच वेगळे आहेत. जर्मनीत ऑयटीनजवळच्या डोडाऊच्या जंगलात एक ओक वृक्ष आहे. त्याला 1927 पासून स्वतःचा पत्ता आहे, पिनकोड 23701. पोस्टमन शिडी चढून जमिनीपासून सुमारे तीन मीटरवरच्या ढोलीत पत्रं ठेवतो. जोडीदार शोधणारे लोक तिथे लिहितात, आणि ढोलीतलं पत्र कुणीही उघडून वाचावं अशी रीत आहे. उत्तर द्यायचं असेल तर न्यावं, नाहीतर परत ठेवावं. तुम्ही शिडीवर चढू नका, चढणारे खालीच भेटतात. गॅलापागोसच्या फ्लोरिआना बेटावर तर तिकीटच लागत नाही. देवमासे पकडणाऱ्या खलाशांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे पिंप ठेवलं. आपलं कार्ड त्यात टाकायचं, आधीची चाळायची, आपल्या वाटेवरच्या पत्त्याचं एखादं उचलायचं आणि घरी जाऊन हातानं पोचवायचं. तिथे पत्ता अपुरा असला तर कार्ड पडूनच राहतं, कारण अर्धवट पत्ता कुणी उचलत नाही. प्रशांत महासागरातल्या वानुआटू या बेटांच्या देशात 2003 पासून समुद्रात तीन मीटर खोल पोस्ट ऑफिस आहे. पाण्यात शाई टिकणार नाही, म्हणून जलरोधक कार्डावर शिक्का शाईऐवजी दाबून उठवतात.

हिमाचलमधल्या स्पितीतलं हिक्किम गाव सुमारे 4400 मीटरवर आहे. पोस्ट ऑफिस 1983 चं, पिनकोड 172114. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो. दुसरी अडचण विरळ हवेची. आधी जवळच्या काझा गावी दोन-तीन रात्री राहा, डॉक्टरांना विचारून ठेवा, डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर तसंच खाली उतरा. एवढी काळजी घेतलीत तर हे ठिकाण तुम्ही नक्की करावं. श्रीनगरच्या दल सरोवरातलं तरंगतं पोस्ट ऑफिस मात्र बिनधास्त, शिकाऱ्यातून उतरलं की समोर खिडकी.

व्हिएतनाममधल्या सायगावच्या मुख्य पोस्ट ऑफिसात गाईड इमारत आयफेलनं बांधली असं सांगतात. ते खरं नाही, आराखडा फुलू या फ्रेंच वास्तुकाराचा. आतल्या भिंतींवरचे जुने नकाशे मात्र सावकाश बघा.

टाकलेल्या प्रत्येक कार्डाची तारीख आणि जागा वहीत टिपून ठेवा. अंटार्क्टिकातल्या पोर्ट लॉकरॉयचं टपाल जहाजानं फॉकलंड बेटांवर आणि तिथून ब्रिटनमार्गे जातं, त्याला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. अशा ठिकाणाहून कार्ड टाकलंत, तर लगेच ते हरवलं असं समजून चौकशीला धावू नका.

कळावे,
तुमची लेक