साठेखत मोडण्याआधी

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

फ्लॅट विकायचा नाही असं तुमचं घरात ठरलंय हे कळलं. पण नोंदणी झालेलं साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून द्यायचा करार, एकट्याच्या नकाराने मोडत नाही. विसाराची, म्हणजे घेतलेल्या आगाऊ पैशांची, दुप्पट रक्कम दिली की सुटलो, हे कुणी तुझ्या डोक्यात भरलंय ते आधी काढून टाक. करारात तसं कलम असलं, तरी तो नुसता दंड आहे की खरोखर बाहेर पडायची वाट, हे कोर्ट शब्द वाचून ठरवतं.

समोरची पार्टी पैसे द्यायला तयार असेल तर ती करारपूर्तीचा, म्हणजे ठरल्याप्रमाणे फ्लॅट द्यायलाच लावायचा, दावा लावू शकते. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट या कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून असा हुकूम देणं पूर्वीसारखं कोर्टाच्या मर्जीवर राहिलेलं नाही. खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर तिथपासून 3 वर्षं दाव्याला मुदत असते. दावा लागून त्याची नोटीस नोंदवली गेली की फ्लॅट अडकलाच, मग दुसरं गिऱ्हाईक फिरकणार नाही.

हप्ता आठ दिवस उशिरा आला म्हणून 'करार रद्द' असा मेसेज तर मुळीच पाठवू नकोस. घराच्या व्यवहारात तेवढ्या उशिराने करार संपला असं कोर्ट सहसा मानत नाही. उलट, तो मेसेज तुझ्याच विरुद्ध पुरावा होईल.

त्यापेक्षा एजंटाला बाजूला ठेवून स्वतः त्यांच्या घरी जा आणि रद्दलेखाचं, म्हणजे दोघांच्या संमतीने करार रद्द करायच्या दस्ताचं, विचार. जाताना त्यांचा खर्च मांडून ने. पुण्यात 80 लाखांवर 7 टक्क्यांनी 5,60,000 मुद्रांक शुल्क आणि 30,000 नोंदणी फी त्यांच्या खिशातून गेली आहे, शिवाय कर्जाची प्रोसेसिंग फी. हे भरून द्यायची तयारी नसेल तर बोलणी पुढे सरकणार नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही. विसाराच्या 10 लाखांतून 1 टक्का टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून तुला 9,90,000 मिळाले, तरी परत पूर्ण 10 लाख करायचे. ते 10,000 तुझ्या पॅनवर जमा आहेत, रिटर्नमध्ये माग.

ते तयार झाले तर रद्दलेख दुय्यम निबंधकाकडेच नोंदवा, नोटरीवर भागवू नका. नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाचा वकील जुन्या नोंदींचा शोध (सर्च) घेईल तेव्हा इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, जुना करार तसाच दिसेल. पैसे डिमांड ड्राफ्टने दे, ड्राफ्टचा नंबर लेखात घाल आणि सही होताच मूळ साठेखत ताब्यात घे.

ते नाहीच म्हणाले, तर माझ्या मते फ्लॅट देऊन टाक.

साठेखताची पूर्ण प्रत पाठव. दंडाचं कलम आणि खरेदीखताची तारीख मला बघायची आहे. तोवर कुणालाही लेखी काही देऊ नकोस.

तुझा,
अविनाश