काका, वहीतल्या 'डेपोत' या शब्दाबद्दल थँक्यू

काका, नमस्कार.

व्हॉट्सअॅपवर तुम्ही मोठं काही वाचत नाही, नुसता अंगठा पाठवता, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितेय आणि ताईंनी ते सांगलीत तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचंय, तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय मी. मधेच उठून जायचं नाही.

२०२२ चा जुलै आठवतोय का? मी चाळिशी ओलांडल्यावर धावायला लागलेले आणि सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलेलं, २१ किलोमीटर, जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा, कास रोडला वरून वळायचं आणि तोच घाट उतरून गावात यायचं. पतसंस्थेत दिवसभर बसून काम, सकाळी पोराचा डबा, त्यामुळं पहाटेचा तेवढा एक तास माझा असायचा आणि घाट चढून वर गेलं की इतकं भारी वाटायचं की उतरताना मी सुसाट सुटायचे. तुम्ही एका वळणावर खाकी शर्टात उभे होतात, मला वाटलं कुणाची तरी गाडी बंद पडलीय. "आगं पोरी, न्यूट्रल मारून घाट उतरती व्हय?" हे तुमचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मग चालता चालता सांगितलंत, ३१ वर्षं एसटी चालवली, पसरणी, केळघर, कुंभार्ली सगळे घाट हातावर, आणि ज्या गेरमदी घाट चढायचा त्याच गेरमदी उतरायचा, नायतर ब्रेक तापत्यात. मी मान डोलावली पण ऐकलं काही नाही. त्या वर्षी २ तास ४१ मिनिटांत पोहोचले, मेडल गळ्यात घालूनच घरी गेले, आणि पंधरा दिवसांनी उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. सपाट रस्त्यावर तीनचार किलोमीटर काही नाही, उतार आला की सुरी फिरवल्यासारखं. एका ठिकाणी दाखवलं तर या वयात कशाला धावताय, बंद करा, एवढंच सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मी शूज माळ्यावर टाकले हे तुम्हाला कधी बोलले नाही.

नंतर ज्या फिजिओकडं गेले तिनं नीट समजावलं, की कंबरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत एक जाड पट्टा येतो, त्याच्याजवळची जागा चिडलीय, कंबरेचे स्नायू कच्चे आहेत, आणि उतारावर लांब ढांगा टाकल्या की प्रत्येक पावलाला मांडीला ब्रेक लावावा लागतो, तर ढांग छोटी करा, पावलं भराभर टाका. मी तिथंच टेबलावर पडल्या पडल्या म्हणलं, म्हणजे न्यूट्रल मारायचं नाही. ती बघतच राहिली.

२०२३ ला बरी झाले म्हणून घाई केली आणि जुलैत घाटातच परत गुडघ्यानं धरलं. नाव घातलेलं होतं, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घरी आलं, धावले नाही. धावणाऱ्यांच्या ग्रुपमधून मी गुपचूप बाहेर पडले कारण सगळ्यांचे फोटो बघवत नव्हते, खरं सांगते, लोकांचं कौतुक करायची ताकदच नव्हती तेव्हा माझ्यात. आणि तुम्ही मात्र रविवारी सव्वापाचला फोन करायचात. धावायला ये म्हणायला नाही. "समर्थ मंदिरापाशी हाय, चहा पिऊन जा." मी स्कूटीवरून यायचे, तुम्ही घाटाकडं सुटायचात, तुम्ही येईपर्यंत मी तिथल्या पायरीवर बसून एक पाय वर करायचे व्यायाम करायचे, अंधारात, कुणी बघत नाही म्हणून. मग चहा. कधी कंदी पेढा. गुडघ्याचा विषय तुम्ही स्वतःहून एकदाही काढला नाहीत.

मोटिवेशनचे व्हिडिओ मी त्या काळात ढिगानं बघितले काका. रात्री अकराला बघून रक्त सळसळायचं आणि पहाटे अलार्म बंद करून झोपायचे. पण कुणीतरी साठीतला माणूस पावसात समर्थ मंदिरापाशी आपल्यासाठी थांबलाय म्हणलं की अंथरुणातून उठावंच लागतं, तिथं मूड आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

तेव्हाच एकदा तुम्ही ललिता बाबरचं सांगितलंत. तुम्ही माणदेशी, ती माणमधल्या मोहीची, त्यामुळं तुमचा आवाजच बदलतो. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला पोहोचली, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकच्या फायनलला गेलेली आपली पहिली बाई, आणि दहावी आली. म्हणलात, "त्या शर्यतीत २८ अडथळे अन् ७ डाव पाण्यात उडी. तिथं अडथळा आला म्हणून कुणी रडत न्हाय, शर्यतच त्याची हाय." परत माळ्यावर गेलेले शूज मी त्या रात्री खाली काढले.

२०२४ ला तर गुडघा ठणठणीत होता. ऑगस्टात डेंगू. प्लेटलेट्स खाली, सलाईन, आणि ताप गेल्यावरसुद्धा दोन मजले चढले की बसावं लागायचं, डॉक्टरांनी पळायचं नावच काढू नका म्हणून सांगितलेलं. तुम्ही आणि काकी नाचणीची आंबील घेऊन आलात. काकी स्वयंपाकघरात घुसल्या आणि तुम्ही सोफ्यावर बसून पेपर वाचलात, बस्स, पण घरात माणूस आल्यासारखं वाटलं. आणि शर्यतीच्या सकाळी मला खुर्ची टाकून समर्थ मंदिरापाशी बसवलंत आणि स्वतः पळायला गेलात. परत येताना सगळे फिनिशकडं जोर लावत होते आणि तुम्ही घड्याळ चालू ठेवून माझ्यापाशी चांगले दोन मिनिटं थांबलात. "वर लई धुकं हाय, पुढचा दिसना, तुला आवडलं आसतं." एवढं सांगून गेलात. तुमची ती दोन मिनिटं मला अजून पुरतायत.

आता वहीबद्दल. तुमची ती लाल पुठ्ठ्याची वही, ज्यात दर रविवारी तारीख, कोण आलं, किती पळालं हे लिहिता, ती मी या डिसेंबरपर्यंत उघडून बघितली नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेला जायच्या आधी तुम्ही ती माझ्याकडं दिलीत आणि त्या रात्री मी पहिल्या पानापासून वाचत बसले. माझ्या नावापुढं जिथं मी आले नाही तिथं गैरहजर असेल, फुली असेल असं वाटलेलं. २०२३ ला सलग १४ रविवार तुम्ही लिहिलंय, डेपोत. डेपोत. डेपोत. २०२४ ला, डेंगू, डेपोत. ज्या महिन्यात मी मनातून धावणं सोडून दिलेलं, शूज माळ्यावर होते, त्या महिन्यातसुद्धा तेच. तुमच्या लेखी माझी गाडी भंगारात कधी निघालीच नाही, दुरुस्तीला लागली होती, काम झालं की परत रूटवर येणार होती. मी किती रडले काका. पोरगा दहावीचा अभ्यास सोडून उठून आला.

आणि गेल्या सप्टेंबरात तुमचा स्वतःचा गुडघा इतका दुखत असताना काठी घेऊन तुम्ही त्याच वळणावर उभे राहिलात. मी वरून येत होते, पाऊस, रस्ता ओला, पाय आपोआप सुटायला लागलेले आणि धुक्यातनं तुमचा आवाज आला, "गेर!" मी ढांग छोटी केली. २ तास ५८ मिनिटं लागली, पहिल्या वेळेपेक्षा १७ मिनिटं जास्त, आणि गुडघा दुसऱ्या दिवशीसुद्धा गप्प. हे मेडल मला पहिल्यापेक्षा जास्त लाडकं आहे.

वही मी लिहितेय रोजच्या रोज, म्हणजे दर रविवारी. समर्थ मंदिर, सव्वापाच, सध्या थंडी कडक आहे, चौघंजण येतोय. तुमच्या नावापुढं पाच रविवार झाले मी लिहितेय, डेपोत.

ताई, काका गुडघा वाकवायचा व्यायाम दिवसातून तीनदा करतायत का ते मला खरं खरं कळवा. दुखतं म्हणून टाळत असतील तर फोन द्या त्यांच्याकडं, मी बोलते.