फोटोखाली दोन नावं छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पाणी तुंबलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर चार कॉलमी फोटो होता. मॅनहोलमध्ये छातीपर्यंत उतरलेला उघडाबंब कामगार आणि वर छत्री धरून उभे साहेब. फोटोखाली ओळ : ‘पालिकेची यंत्रणा सज्ज’! संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे ओळ लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं. कामगाराचं नाव नव्हतं. फोटो काढणाऱ्याचंही नव्हतं, नुसतं ‘छाया : प्रतिनिधी’.

माझे वडील पालिकेत सफाई कामगार होते. पहाटे चौकीवर हजेरी लावायची आणि घरगल्लीत शिरायचं. दोन इमारतींच्या पाठीमागची ती अरुंद बोळ. वरच्या खिडकीतून कधी काय अंगावर येईल त्याचा नेम नाही. एवढ्या नोकरीतला त्यांचा एकच फोटो घरात आहे, ओळखपत्रावरचा. त्यातला इस्त्रीचा शर्टही शेजाऱ्यांचा.

म्हणूनच सुधारक ओलवे यांची सफाई कामगारांवरची कृष्णधवल छायाचित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी प्रत्येक चेहऱ्यात वडिलांना शोधत होतो. ओलवे मूळचे अकोल्याचे, १९८८ पासून वृत्तछायाचित्रकार. बातमीचा फोटो घेऊन तासाभरात परतता येतं. हे काम तसं होत नाही. माणसं कॅमेरा विसरेपर्यंत त्यांच्यात वावरावं लागतं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वडील मात्र चित्रं पाहून एवढंच म्हणाले, “वास सोसलाय गड्यानं.” त्यांच्या खात्यात याहून मोठी शाबासकी नसते.

आपला ‘प्रतिनिधी’ही कदाचित असंच काही करू पाहत असेल. पण नावच छापलं नाही तर त्याची कारकीर्द उभी राहणार कशावर? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षं झाली.

कामगाराचं नाव छापण्याआधी त्याला विचारावं, हेही खरं. कंत्राटी असेल तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बसवायचा. पण विचारावं तरी. त्या फोटोतल्या माणसाची हरकत नसेल, तर त्याचं आणि छायाचित्रकाराचं नाव येत्या अंकात द्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चेंबूर